टक्समॅथ फोनवर आणताना: जुना ओपन सोर्स गेम अँड्रॉइडवर पोर्ट करायचा नीट क्रम

जुना गेम फोनवर आणायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच दिवशी एकच गोष्ट करतात. अँड्रॉइड स्टुडिओ उघडायचा, गेमचा सगळा सोर्स एका फोल्डरमध्ये ओतायचा, बिल्ड मारायचं आणि मग एररच्या लांबलचक यादीकडे बघत बसायचं. त्यातली निम्मी एरर लायब्ररीची, उरलेली जुन्या एपीआयची, आणि कुठली कशामुळे हे कळायला काही मार्ग नाही कारण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यात. दोन आठवड्यांनी प्रोजेक्ट गिटहबवर पडून. कोड अवघड होता म्हणून हे होत नाही, क्रम चुकला म्हणून होतं. म्हणून खाली सगळा भर क्रमावर आहे.

उदाहरण म्हणून टक्समॅथ घेतोय, कारण जुन्या शैक्षणिक गेमच्या जवळपास सगळ्या अडचणी त्यात एकत्र सापडतात. सी भाषेतला कोड, एसडीएल १.२ वर (खिडकी, चित्रं, आवाज, कीबोर्ड सांभाळणारी लायब्ररी) लिहिलेला, जीपीएल लायसन्स (सोर्स खुला ठेवायची अट असलेलं), मूळ डिझाईन ६४० बाय ४८० च्या स्क्रीनचं. वरून धूमकेतू पडतात, प्रत्येकावर एक गणित, खाली पेंग्विनांची इग्लू, उत्तर कीबोर्डवर टाईप करून एंटर मारलं की धूमकेतू फुटतो. तुमचा गेम दुसरा असला तरी एसडीएलवरचा असेल तर नव्वद टक्के हेच लागू होईल. जीकॉम्प्रीसारखा क्यूटी नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवरचा गेम असेल तर रस्ता वेगळा, तो इथे नाही.

लागणारं सामान: लिनक्स मशीन (विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, चालेल), गिट, अँड्रॉइड स्टुडिओसोबत एनडीके (सी कोड फोनसाठी बिल्ड करणारं किट), चालू यूएसबी केबल आणि एक स्वस्तातला फोन. स्वस्तातलाच घ्या. तुमच्या खिशातल्या भारी फोनवर सगळंच चालतं, त्यातून काही कळत नाही.

## टप्पा १: कोडला हात लावण्याआधी लायसन्स

हा टप्पा लोक शेवटी करतात आणि मग स्टोअरवर टाकायच्या आदल्या रात्री धावपळ.

पहिलं म्हणजे कोडचं लायसन्स आणि चित्रं-आवाजांचं लायसन्स एकच असेल असं धरून चालू नका. रेपॉझिटरीत कॉपीइंग नावाची फाईल असते ती फक्त कोडबद्दल असू शकते. एक साधी टेक्स्ट फाईल करा, त्यात प्रत्येक चित्र, आवाज, गाणं, फॉन्ट, आणि त्यापुढे ते कुठून आलं आणि कुठल्या लायसन्सखाली. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते बदलायचं. कंटाळवाणं काम आहे पण एका दुपारचं आहे.

दुसरं, जीपीएल गेमचं एपीके (फोनवर टाकायची ॲपची फाईल) तुम्ही कोणालाही दिलं की त्याच आवृत्तीचा पूर्ण सोर्स देणं तुमच्यावर बंधनकारक. ‘मूळ प्रोजेक्टची लिंक दिलीये ना’ हे पुरत नाही, तुमचे बदल आणि बिल्डच्या स्क्रिप्टसुद्धा त्यात हव्यात. प्रत्येक रिलीजला गिटमध्ये टॅग मारायची सवय लावलीत की हा प्रश्नच मिटतो.

तिसरं, जाहिरातींची बंद लायब्ररी जीपीएल कोडला जोडून वाटता येत नाही. ‘थोड्या जाहिराती लावू, सर्व्हरचा खर्च निघेल’ हा विचार इथेच सोडा. आणि मुळात ऑफलाईन गणिताच्या गेमला सर्व्हर कशाला हवाय?

> थांबा आणि तपासा: आधी कोणी हेच पोर्ट केलंय का, अर्धवट सोडलंय का, हे मूळ प्रोजेक्टच्या इश्यू ट्रॅकरवर आणि एफ-ड्रॉइडवर (ओपन सोर्स ॲपचं स्टोअर) शोधा. अर्धवट काम सापडलं तर कितीही जुनं असो, वाचून काढा. आणि मूळ मेंटेनरना दोन ओळी लिहून ठेवा, नाव आणि लोगो वापरू का हे पण त्यातच विचारून घ्या.

## टप्पा २: लायब्ररींची यादी आणि कात्री

आता गेम आपल्या लिनक्सवर जसा आहे तसा बिल्ड करा. काहीही न बदलता. तो चालला पाहिजे, नाहीतर पुढे बिघडलेलं तुमच्यामुळे की आधीपासून हे कधीच कळणार नाही.

मग लायब्ररींची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: ठेवा, बदला, काढा. टक्समॅथचं साधारण असं होतं:

- एसडीएल, एसडीएल इमेज, एसडीएल मिक्सर, एसडीएल टीटीएफ: ठेवा, पण एसडीएल २ च्या मालिकेत न्या.
- एसडीएल पँगो (अक्षरं जोडून मजकूर मांडणारी लायब्ररी): काढा. त्याच्यामागे पँगो, जीलिब अशी सगळी वरात येते, फोनसाठी ते बिल्ड करण्यात महिना जाईल. जोडाक्षरांचं काय ते टप्पा ८ मध्ये.
- टी४के कॉमन, म्हणजे टक्सच्या गेमची सामायिक लायब्ररी: ठेवा, पण वेगळी लायब्ररी म्हणून नको, सरळ गेमच्या सोर्समध्येच घ्या.
- एसव्हीजी वाचणारी लायब्ररी: काढा. एसव्हीजी चित्रं बिल्डच्या वेळीच पीएनजी करून ठेवा.
- एसडीएल नेट: पहिल्या आवृत्तीत काढा. लॅनवर खेळायची सोय छान आहे पण ती ठेवली की इंटरनेटची परमिशन मागावी लागते, आणि मुलांच्या गेममध्ये कुठलीच परमिशन नसणं ही एवढी मोठी सोय आहे की तिच्यासाठी लॅन मोड सोडावा.

काढायचं म्हणजे डिलीट करायचं नाही हं, कंपाईल करताना बंद करता येईल असा स्विच घालायचा. मूळ प्रोजेक्टला तुमचे पॅच परत द्यायचे असतील तर ते असेच स्वीकारले जातात.

## टप्पा ३: एसडीएल २ वर उडी, पण डेस्कटॉपवरच

अख्ख्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: फोन आणि एसडीएल २ या दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या नाहीत. आधी गेम लिनक्सवर एसडीएल २ वर पूर्ण चालवा. डेस्कटॉपवर डीबगर आहे, मेमरी तपासायला व्हॅलग्राइंड आहे, बिल्ड दहा सेकंदात होतं. फोनवर यातलं प्रत्येक काम अवघड आहे.

एसडीएल ३ पण आता स्थिर झालंय, त्याची ३.२.० आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. पण १.२ वरून थेट ३ वर जायच्या भानगडीत पडू नका. २ वर गेलात की तिथून ३ वर जाणं बरंच यांत्रिक काम आहे, नंतर निवांत करता येतं.

बदलांची खरी मेख चित्र काढण्यात आहे. १.२ मध्ये एकच स्क्रीन सरफेस (मेमरीतलं चित्र) असायचा, त्यावर सगळं ब्लिट करायचं म्हणजे चिकटवायचं, आणि फ्लिप मारून पडद्यावर दाखवायचं. २ मध्ये विंडो, रेंडरर (पडद्यावर काढणारा भाग) आणि टेक्श्चर (ग्राफिक्स चिपकडचं चित्र) आले. लोक इथे गेमचं सगळं चित्रकाम टेक्श्चरवर नव्याने लिहायला घेतात आणि त्यातच बुडतात. गरज नाही. ६४० बाय ४८० चा एक सरफेस तसाच ठेवा, गेम आधीसारखाच त्यावर काढू दे, फक्त फ्लिप होतं त्या जागी तो सरफेस एका स्ट्रीमिंग टेक्श्चरमध्ये भरा आणि रेंडररने दाखवा. एका फ्रेमला साधारण १.२ एमबी डेटा होतो, आजचा स्वस्तातला फोनही ते सहज ओढतो. देखणं नाहीये, पण शेकडो ठिकाणचा कोड न बदलता काम होतं.

बाकीचं पटापट: की रिपीट चालू करायचं फंक्शन गेलं. की इव्हेंटमधलं युनिकोड फील्ड गेलं, त्याऐवजी टेक्स्ट इनपुटचा वेगळा इव्हेंट आला, त्यामुळे खेळाडूचं नाव टाईप करायचा स्क्रीन हमखास मोडणार. विंडोचं नाव आणि आयकॉन द्यायची पद्धत बदलली. कंपायलर ओरडेल तसतसं दुरुस्त करत जा.

> तपासा: डेस्कटॉपवर एक पूर्ण मिशन, फॅक्टोरॉइड्सचा (टक्समॅथमधलाच दुसरा खेळ) एक डाव, आवाज बंद-चालू, हायस्कोअर लिहिणं, बाहेर पडून परत येणं. सगळं जुन्यासारखं चालत असेल तर कमिट करा, टॅग मारा. पुढे काही बिघडलं की परत यायची जागा ही.

## टप्पा ४: रिकामा अँड्रॉइड प्रोजेक्ट

एसडीएलच्या सोर्ससोबत अँड्रॉइड प्रोजेक्टचा तयार साचा येतो. तो घ्या आणि त्यात गेम टाकू नका. आधी पन्नास ओळींचा प्रोग्राम टाका जो स्क्रीन निळा करतो आणि बोट लावलं की लाल. तो फोनवर चालला की एनडीके, ग्रेडल (बिल्ड करणारं साधन), केबल, फोनची सेटिंग सगळं ठीक आहे हे सिद्ध झालं. मग गेम.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

पॅकेजचं नाव. साच्यात एसडीएलच्या जावा फाईली ‘ऑर्ग डॉट लिबएसडीएल डॉट ॲप’ या पॅकेजमध्ये असतात. लोक काय करतात, ते नाव सरसकट फाइंड-रिप्लेसने बदलून टाकतात आणि ॲप उघडताक्षणी कोसळतं, कारण सी कोडमधली फंक्शनं त्याच नावाला बांधलेली आहेत. त्या फाईली तशाच राहू द्यायच्या, आपल्या पॅकेजमध्ये एक छोटा क्लास करायचा जो एसडीएल ॲक्टिव्हिटीला एक्स्टेंड करतो, मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सांगणारी फाईल) तो द्यायचा. ॲपचा आयडी आत्ताच विचार करून ठरवा, प्लेवर एकदा गेल्यावर तो बदलता येत नाही.

मेन फंक्शन. त्याला दोन्ही आर्ग्युमेंट पाहिजेत आणि त्या फाईलमध्ये एसडीएलची हेडर पाहिजे, नाहीतर मेन सापडत नाही असं सांगून ॲप बंद.

मॅनिफेस्टमधल्या परमिशन. साच्यात व्हायब्रेशन, ब्लूटूथ वगैरे ओळी असतात, आपल्याला नको त्या सगळ्या उडवा. गणिताच्या गेमला ब्लूटूथ कशाला हवं असं पालकांनी विचारलं तर उत्तर नाहीये आपल्याकडे.

आर्किटेक्चर. ३२ बिट आर्म आणि ६४ बिट आर्म दोन्ही बिल्ड करा. नुसतं ३२ बिट प्ले स्टोअर ऑगस्ट २०१९ पासून घेत नाही.

## टप्पा ५: फाईली कुठे असतात आणि कुठे नसतात

फोनवर पहिल्यांदा गेम चालवल्यावर काळा स्क्रीन आला तर दहापैकी नऊ वेळा कारण इथे आहे.

डेस्कटॉपवर गेमचा डेटा डिस्कवर साध्या फाईली म्हणून असतो. अँड्रॉइडवर तो एपीकेच्या पोटात ॲसेट म्हणून असतो आणि सी चं फाईल उघडायचं साधं फंक्शन, एफओपन, तिथे पोचतच नाही. एसडीएलची स्वतःची फाईल उघडायची फंक्शनं पोचतात, म्हणून चित्रं, आवाज, फॉन्ट आपोआप उघडतात पण धड्यांच्या टेक्स्ट फाईली उघडत नाहीत. मग लोकांचा गोंधळ उडतो, चित्रं दिसतायत मग धडे का नाहीत? अख्ख्या कोडमध्ये एफओपन शोधा आणि वाचायच्या जागा एसडीएलच्या फंक्शनवर न्या. पाथ रिलेटिव्ह द्या, सुरुवातीला तिरपी रेघ नको.

फोल्डर उघडून आत काय काय आहे ते बघायची पद्धतही ॲसेटवर चालत नाही. टक्समॅथ धड्यांचं फोल्डर असंच चाळतो. उपाय साधा, बिल्डच्या वेळी सगळ्या धड्यांची नावं एका इंडेक्स फाईलमध्ये लिहायची आणि गेमने ती वाचायची. आणि हो, अंडरस्कोरने सुरू होणारं फोल्डर ॲसेटमध्ये टाकलंत तर पॅकिंग करताना ते गुपचूप गळतं, एकही वॉर्निंग येत नाही.

लिहायच्या फाईलींचं वेगळंच. सेटिंग आणि हायस्कोअर होम फोल्डरमध्ये लपवलेल्या डिरेक्टरीत जायचे. फोनवर होम नावाचं व्हेरिएबल असेलच याची खात्री नाही, ते रिकामं आलं आणि कोडने न तपासता वापरलं की क्रॅश. एसडीएलचं प्रेफ पाथ देणारं फंक्शन वापरा, ते डेस्कटॉपवरही चालतं त्यामुळे दोन वेगळे कोड ठेवावे लागत नाहीत. एसडी कार्ड, डाउनलोड फोल्डर वगैरेच्या नादी लागू नका.

> तपासा: ॲप पूर्ण अनइन्स्टॉल करून नव्याने टाका आणि मग चालवा. जुन्या इन्स्टॉलमधल्या उरलेल्या फाईलींमुळे ‘माझ्या फोनवर तर चालतंय’ होतं.

## टप्पा ६: स्क्रीन आणि कीपॅड

पोर्ट चांगलं की वाईट हे याच टप्प्यात ठरतं. कोड कमी आहे, विचार जास्त.

बहुतेक जण काय करतात, फोनचाच कीबोर्ड उघडतात. फोन आडवा धरला की तो कीबोर्ड अर्धा-अधिक स्क्रीन खातो, काही फोनवर तर अख्खा स्क्रीन झाकून एक पांढरी पट्टी दाखवतो. धूमकेतू कुठून पडतायत ते पोराला दिसतच नाही. आकडे टाकायला फोनचा कीबोर्ड अजिबात वापरायचा नाही, आपलाच कीपॅड काढायचा. टक्समॅथमध्ये पडद्यावरच्या कीपॅडचा पर्याय मुळातच आहे, कोड वाचला तर सापडतो, पण तो माऊससाठी आणि ६४० च्या स्क्रीनच्या आतच काढलेला. बोटासाठी तो लहान पडतो आणि खेळाची जागा खातो.

आता गणित बघा. स्वस्तातल्या फोनचा स्क्रीन समजा १६०० बाय ७२०. गेम ४:३. उंची पूर्ण ७२० वापरली तर रुंदी ९६० होते आणि ६४० पिक्सेल उरतात. एसडीएलची तयार लॉजिकल साईज वापरलीत तर गेम मधोमध येतो आणि दोन्ही बाजूंना ३२०-३२० च्या काळ्या पट्ट्या. तीच तर आपली कीपॅडची जागा! पण ३२० मध्ये तीन बटणं म्हणजे एक बटण १०६ पिक्सेल, साडेसहा इंचाच्या अशा फोनवर साधारण १० मिलीमीटर. कॅमेऱ्याच्या खाचेसाठी कडेला थोडी जागा सोडली की साडेआठवर येतं. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलीमीटर, आणि ती शांतपणे बसलेल्या मोठ्या माणसासाठी. धूमकेतू डोक्यावर आलाय आणि साताचा पाढा आठवत नाहीये अशा सात वर्षांच्या पोरासाठी नाही.

म्हणून गेम मधोमध ठेवूच नका. पूर्ण डावीकडे सरकवा आणि उजवीकडची सगळी ६४० ची जागा कीपॅडला द्या. कडा सोडूनसुद्धा एक बटण पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास जातं. डावखुऱ्या मुलांसाठी सेटिंगमध्ये उलटं करायचा पर्याय द्या, कोडमध्ये ती एक ओळ आहे. यासाठी लॉजिकल साईज न वापरता गेमचा चौकोन कुठे काढायचा हे आपणच मोजायचं, आणि बोटाचे आकडेही आपणच बदलायचे. बोटाचा इव्हेंट ० ते १ मध्ये येतो, तो आधी स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये, मग कीपॅडवर आहे की गेमच्या चौकोनात हे बघून पुढचा हिशोब.

काही बारीक गोष्टी, पण याच लोक विसरतात:

- एसडीएल प्रत्येक स्पर्शासोबत खोटा माऊस इव्हेंटही पाठवतं. दोन्ही हाताळलेत तर एक टॅप दोनदा मोजला जाऊन ७ चे ७७ होतात. हिंट देऊन एक बंद करा.
- आकड्यांची मांडणी फोनच्या डायलरसारखी, १-२-३ वर. कॅल्क्युलेटरसारखी ७-८-९ वर ठेवलीत तर मुलं शोधत बसतात.
- बटण दाबताना रंग बदलला पाहिजे आणि आकडा बोट टेकताक्षणीच गेला पाहिजे, उचलल्यावर नाही. लहान मुलं बोट ठेवूनच देतात.
- उत्तर जुळलं की आपोआप फोडायचं, एंटरची गरजच काय, ही आयडिया सगळ्यांना सुचते. करू नका. १२ टाईप करताना १ वर थांबून भलताच धूमकेतू फुटतो, आणि पोरांना लगेच कळतं की आकडे आलटून पालटून बडवले तरी चालतंय. एंटर ठेवा, मोठं ठेवा.
- धूमकेतूंचा वेग कीबोर्डसाठी ठरवलेला आहे. टचवर नवखं मूल हळू असतं, सुरुवातीच्या मिशनचा वेग कमी करा.

## टप्पा ७: मध्येच फोन आला तर

डेस्कटॉपवर गेम मध्येच गायब होत नाही. फोनवर दर दहा मिनिटांनी होतो, आईचा फोन असतो ना तो.

ॲप मागे जाताना एसडीएल इव्हेंट देतं, पण तो नेहमीच्या इव्हेंट लूपमध्ये वेळेवर हातात येईलच असं नाही. इव्हेंट वॉच (इव्हेंट आल्याक्षणी चालणारं फंक्शन) लावा आणि त्यातच स्कोअर आणि मिशन कुठवर आलं ते लिहून टाका, कारण मागे गेलेलं ॲप सिस्टीम कधीही मारू शकते. परत आल्यावर गेम थेट सुरू करायचा नाही, पॉझ स्क्रीन दाखवायचा. आणि घड्याळ! मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला यावर धूमकेतू सरकत असतील तर पाच मिनिटांच्या फोननंतर सगळे एकदम जमिनीवर. परत येताना घड्याळ रीसेट करा, किंवा एका फ्रेमला जास्तीत जास्त वेळेची मर्यादा घाला.

बॅक बटण पकडून पॉझला जोडा. कडेवरून बोट सरकलं की बॅक होतं आणि आपला कीपॅड नेमका कडेलाच आहे, त्यामुळे हे न करता सोडलंत तर दर दोन मिनिटांनी गेम बंद होईल.

एक छुपा घोळ आहे. गेममधून बाहेर पडलं तरी अँड्रॉइड कधी कधी प्रोसेस जिवंत ठेवतं, मग पुढच्या वेळी मेन परत सुरू होतं पण स्टॅटिक आणि ग्लोबल व्हेरिएबल मागच्या डावाची किंमत धरून बसलेली. जुन्या सी कोडमध्ये अशी व्हेरिएबल पोत्याने. ‘दुसऱ्यांदा उघडल्यावर क्रॅश’ अशी तक्रार आली की आधी हेच बघा.

> तपासा: डेव्हलपर ऑप्शनमध्ये ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ अशा अर्थाचं सेटिंग असतं, ते चालू करून डावाच्या मध्यात होम दाबा, परत या. हे दहा वेळा करा.

## टप्पा ८: मराठी दिसलं म्हणजे मराठी झालं असं नाही

भाषांतर पीओ नावाच्या टेक्स्ट फाईलमध्ये असतं, बिल्ड करताना त्याची एमओ फाईल होते आणि डेस्कटॉपवर गेटटेक्स्ट ही भाषांतराची लायब्ररी ते उचलतं. अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत ती सोयच नाही. लिबइन्टल (गेटटेक्स्टचाच भाग) वेगळी बिल्ड करून जोडा किंवा एमओ फाईल वाचणारा छोटा कोड लिहा, मला दुसरं सोपं वाटतं. फोनची भाषा कोणती हे एसडीएल २.०.१४ पासून विचारता येतं.

पीओ फाईल बिल्ड करताना फॉरमॅट तपासायचा पर्याय लावाच. भाषांतर करणाऱ्याने चुकून टक्क्याचं चिन्ह किंवा त्यापुढचं अक्षर खाल्लं तर गेम फक्त मराठीतच कोसळतो आणि इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला कधीच कळत नाही.

मग अक्षरं. पँगो काढलं आपण, तर जोडाक्षरं जोडणार कोण? एसडीएल टीटीएफच्या नव्या आवृत्त्या हार्फबझ सोबत बिल्ड करता येतात, ते काम हार्फबझ करतं. तो पर्याय बिल्डमध्ये बंद राहिला तर ‘किती’ मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘प्रश्न’ चे पाय मोडलेले तुकडे दिसतात. तपासायला ही एक ओळ कुठल्याही स्क्रीनवर छापा: ‘किती प्रश्न, उत्तर, कार्य, दुसऱ्या, ज्ञान, ॲप, बाळ’. यातलं सगळं नीट आलं तर बाकीचं येतंच. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या खास बघा, हिंदीवर तपासलेल्या फॉन्टमध्ये तोच गंडतो. तसंच ल आणि श. शाळेत शिकवतात त्या वळणाचे आहेत का ते बघा, पहिलीतल्या पोराला हिंदी वळणाचा ल वेगळंच अक्षर वाटतं. मुंबईच्या एक टाईपचा मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ॲपसोबत देता येतात.

जुन्या गेममध्ये ओळींची उंची इंग्रजी धरून ठरवलेली असते, त्यामुळे वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात. उंची फॉन्टला विचारून घ्या, कोडमध्ये आकडा लिहून ठेवू नका.

अंक देवनागरी की इंग्रजी हा वाद घालू नका, सेटिंग द्या. फक्त आत सगळीकडे साधे अंकच फिरले पाहिजेत, देवनागरी रूप अगदी शेवटी, छापताना. नाहीतर उत्तर तपासणारं फंक्शन ‘७’ ला शून्य समजतं आणि बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाचं इग्लू वितळतं.

## टप्पा ९: टेस्टिंग

एमुलेटरवर भागवू नका. स्वस्तातल्या फोनवर अर्धा तास सलग चालवा, फोन तापतोय का बघा. तापत असेल तर बहुतेक व्हीसिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाला बांधणारं सेटिंग) चालू नाहीये आणि गेम गरज नसताना सेकंदाला शेकडो फ्रेम काढतोय. डब्ल्यूएव्ही आवाज ओजीजीमध्ये करा, साईज पटकन उतरते.

मग एखाद्या मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा. ‘इथे दाब’ म्हणायचं नाही. बोट कुठे जातं, कुठे अडतं, तळहात कीपॅडवर टेकतो का, तेवढं कागदावर लिहा. आणि दोन भावंडांत एकच फोन असेल तर दोघांची नावं आणि स्कोअर वेगळे राहतात का हे पण बघा, भांडणं त्यावरूनच होतात.

## टप्पा १०: स्टोअर

एफ-ड्रॉइड आधी करा. पैसे लागत नाहीत, ते तुमच्या सोर्समधून स्वतः बिल्ड करतात, त्यामुळे कुठे बंद लायब्ररी किंवा तयार बायनरी राहिली असेल तर तिथेच पकडली जाते. गिटलॅबवर त्यांच्या डेटा रेपॉझिटरीत मर्ज रिक्वेस्ट टाकायची. एक लक्षात घ्या, साधारणपणे ते त्यांच्या कीने सही करतात, म्हणून प्लेवरून घेतलेलं ॲप एफ-ड्रॉइडवरून अपडेट होत नाही. आधीच लिहून ठेवा, नाहीतर अनइन्स्टॉल करून मुलांचे स्कोअर गेले म्हणून शिव्या खाल.

प्ले स्टोअर: २५ डॉलर एकदाच. नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंगमध्ये लागतात, हे शेवटच्या आठवड्यात कळतं आणि सगळं लांबतं, माणसं आधीच जमवून ठेवा. नवीन ॲप एपीके म्हणून जात नाही, ॲप बंडल लागतं. अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असेल तर नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी पेज साईज (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा आकार) चालली पाहिजे. एनडीके आर२८ पासून हे आपोआप होतं, पण कुठून तरी उचललेली तयार एसओ फाईल (आधीच बिल्ड केलेली लायब्ररी) असेल तर तीच अडवते. म्हणून सगळ्या लायब्ररी स्वतः बिल्ड केलेल्या बऱ्या.

लहान मुलांसाठी आहे असं सांगितलंत की फॅमिलीज पॉलिसी लागू होते. डेटा सेफ्टीचा फॉर्म भरावा लागतो आणि काहीही गोळा करत नसाल तरी प्रायव्हसी पॉलिसीचं पान लागतंच. भारतातल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, त्यांचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं त्यात म्हटलंय. ॲनॅलिटिक्स, क्रॅश रिपोर्टिंगच्या तयार किट टाकूच नका. काही घेत नाही, काही पाठवत नाही, फॉर्म पाच मिनिटांत संपतो.

साईन करायची की आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी ठेवा. गिटमध्ये नाही!

## आयफोनचं काय

विचारणारे विचारतातच. एसडीएल आयओएसवर चालतं, मॅक लागतो, वर्षाला ९९ डॉलर लागतात, पण खरी अडचण लायसन्सची. ॲप स्टोअरच्या अटी आणि जीपीएल यांचं जमत नाही अशी तक्रार झाल्यामुळे जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर ॲप तिथून काढलं गेलं होतं, पुढे त्यांनी लायसन्स बदललं आणि २०१३ मध्ये ते परत आलं. लायसन्स बदलायला किंवा सूट द्यायला ज्यांनी ज्यांनी कोड दिलाय त्या सगळ्यांची परवानगी लागते. वीस वर्षं जुन्या गेममध्ये त्यातले निम्मे लोक ईमेललाही उत्तर देणार नाहीत.

त्यापेक्षा एमस्क्रिप्टनने (सी कोड ब्राउझरमध्ये चालेल असा बिल्ड करणारं साधन) वेब आवृत्ती काढा. टप्पा ३ नीट केला असेल तर बराचसा कोड तसाच चालतो, मेन लूप तेवढा ब्राउझरच्या पद्धतीने मोडावा लागतो. आयफोनवाले सफारीत उघडून खेळतील. आवाज मात्र पहिला टॅप होईपर्यंत ब्राउझर सुरू करू देत नाही, म्हणून सुरुवातीला एक मोठं ‘खेळ सुरू करा’ बटण ठेवा आणि संगीत त्याच्यानंतर लावा.